कूलरचा शॉक आणि न पडणारा एमसीबी

किटकॅट फ्यूज काढून एमसीबी बसवला की घरमालक निर्धास्त होतो. करंट उतरला तर बटण आपोआप पडेल, अशी त्याची खात्री असते. बटण पडतं, पण ते तारेसाठी, माणसासाठी नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला तारेतून त्याहून बराच जास्त प्रवाह जावा लागतो, म्हणजे तार मर्यादेबाहेर तापायची वेळ यावी लागते. ओल्या हाताने, अनवाणी उभ्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून पाव अँपिअरही जात नाही. एमसीबीच्या लेखी घरात पन्नास वॅटचा एक दिवा लागला, एवढंच. हृदयाची लय बिघडायला मात्र ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह थोडा वेळ टिकला तरी पुरे होतो. त्याआधीच, दहाएक मिलिअँपिअरला, स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. विजेने ओढून धरलं असं लोक सांगतात. खरं तर आपलीच मूठ उघडत नाही.

हा हिशेब खानदेशात उन्हाळ्यात कूलरपाशी येऊन थांबतो. साक्री तालुक्यातलं पिंपळनेर सह्याद्रीच्या पायथ्याशी असलं तरी एप्रिल-मेमध्ये तिथेही कूलरवाचून दुपार निघत नाही. पत्र्याची टाकी, पाण्यात बुडालेला पंप, भरताना सांडलेल्या पाण्याने ओली झालेली फरशी आणि त्यावर अनवाणी पाय, असं सगळं इथे एकत्र येतं. पंपाच्या वायरचं आवरण फाटलं की टाकीचा पत्रा जिवंत होतो. यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, ‘आम्ही अर्थिंग दिलंय.’ अर्थिंग हवंच, पण त्याच्याकडून काय मागतो आहोत ते पाहा. अंगणात ठोकलेल्या सळईचा जमिनीशी रोध १० ओहम असेल, तर दोष झाल्यावर जमिनीत २३ अँपिअर जातील. एवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबी पडायला बराच वेळ लागू शकतो. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, तालुक्याच्या माथ्याकडच्या भागात तर मुरूम आणि कातळच. तिथे हा रोध ५० ओहमवर गेला, तर प्रवाह पाच अँपिअरही होत नाही. एमसीबी पडणारच नाही आणि कूलरचा पत्रा जवळपास पूर्ण दाबावर राहील. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वात कमकुवत असतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची आहे. याउलट सॉकेटमध्ये अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून मोकळं होणं हा फार वाईट जुगाड. न्यूट्रल कुठे तुटला की त्याच जोडातून कूलरच्या पत्र्यावर फेज येतो.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे: आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, एवढंच ते पाहतं. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ते पडतं, आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या काही शतांश भागात. त्याला चांगलं अर्थिंगही लागत नाही. सळईचा रोध हजार ओहम असला तरी २३० मिलिअँपिअर गळतात, तेवढे त्याला पुरतात. यावर वायरमनची तक्रार ठरलेली असते, की हे सारखं पडतं, म्हणून काढून टाकलं. ते सारखं पडत असेल तर बहुतेक वेळा घरात कुठेतरी खरंच गळती असते, किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. ती चूक शोधायची सोडून उपकरण काढणं मला तरी समजत नाही. खर्चाचा आक्षेप त्याहून लंगडा आहे. घरगुती आरसीसीबी साध्या लोखंडी कूलरपेक्षा स्वस्त मिळतो. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर तो वाचवेलच असं नाही, आणि तारेवरचा जादा भारही त्याला कळत नाही. म्हणून एमसीबी ठेवायचा आणि आरसीसीबी जोडीला लावायचा. त्याच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून तो पडतो का, तेही पाहायचं.

दुरुस्तीच्या वेळचे गैरसमज थोडक्यात सांगता येतात, कारण त्यांचं मूळ एकच: वीज बंद दिसली की ती नाहीच, असं धरून चालणं. कूलरचं बटण बंद केलं म्हणजे पत्रा मेला असं नाही. टू-पिन उलटी बसली तर तेच बटण न्यूट्रलवर येतं, मोटर बंद पडते, पण फेज आतच राहतो. म्हणून पाणी भरण्याआधी पिनच काढायची. लाईट गेली आहे तोवर जोड उरकून घ्यायचा, ही आणखी एक रीत. लाईट येताना कुणाला विचारून येत नाही, आणि इन्व्हर्टर असेल तर घरातल्या काही तारांत ती गेलेलीच नसते. टेस्टर पेटला नाही यावरही विसंबू नये. आधी चालू सॉकेटमध्ये तो पेटतो का पाहावं. रबरी चप्पल कोरडी आणि धड असेल तोवर थोडी आडवी येते. झिजलेली, ओली चप्पल किंवा भिंतीला टेकलेला दुसरा हात तिचा उपयोग संपवतो.

‘घरच्या कामाला परवाना कशाला’ हा प्रश्न अर्धा बरोबर आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायला नियम परवाना मागत नाहीत. नवी लाईन ओढणं किंवा वायरिंगमध्ये वाढ-फेरफार करणं परवानाधारकाचं काम आहे. आणि कुणी कूलरला चिकटलंच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. स्विच हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने त्या माणसाला बाजूला लोटा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.