वारीच्या वाटेवर अण्णांचे पाऊल

आईच्या निधनानंतर दोन वर्षांनी, वयाच्या 71 व्या वर्षी, अण्णांनी एका संध्याकाळी चहा घेता घेता सांगितले, "यंदा आळंदीहून पायी पंढरपूर." त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह. मी तत्काळ नकार दिला. देवदर्शनच हवे असेल तर मोटारीने जाऊ, असेही सुचविले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "देव मला घरीही भेटतो. आयुष्यभर मुख्याध्यापक होतो, तुझ्या आईचा नवरा होतो. आता ते दोन्ही संपले. मग उरलो आहे तो कोण, एवढे मला पाहायचे आहे." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब, साखर आणि पाय तपासले व तीन अटींवर परवानगी दिली. आधी तीन महिने चालण्याचा सराव, सोबत घरचे माणूस आणि रोज रात्री पायांची तपासणी. अशा रीतीने मीही वारकरी झाले.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटरचे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत ते तीन आठवड्यांच्या आतबाहेर पार होते. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या दिंड्या, विणेकरी, टाळकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया आणि मुक्कामी होणारी समाज आरती, अशी ती व्यवस्था आहे. आत्मशोध म्हटला की आपल्यापुढे एकांत उभा राहतो. वारीत एकांत जवळजवळ नसतोच. येथे माणूस स्वतःला पाहतो तो इतरांच्या सहवासात. लहान असो वा थोर, प्रत्येक जण दुसऱ्याला 'माउली' म्हणतो आणि वाकून त्याच्या पायांना हात लावतो.

अण्णांना नेमके हेच जड गेले. इतरांच्या पाया ते पडत. आपल्या पायांना मात्र कोणाला हात लावू देत नसत. रात्री मी विजेरी घेऊन बसले की, "मला काही होत नाही, उद्या पाहू," म्हणून पाय पांघरुणात घेत. मीही थकलेली असे. दोन रात्री मी आग्रह सोडला. ती चूक माझीही होती.

पुण्याहून सासवडचा टप्पा साधारण 30 किलोमीटरचा आणि त्यात दिवे घाटाची चढण. अण्णा सर्वांच्या बरोबरीने चढले. त्यांचा चेहरा उजळला होता. सासवडच्या मुक्कामी मोजा काढला तेव्हा तो तळव्याशी रक्ताने चिकटलेला होता. फोड येऊन फुटला होता आणि त्यांना वेदना मुळीच झाली नव्हती. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. जखम होते, ती कळत नाही, चालणे चालूच राहते आणि साधी जखम चिघळून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मला सारे ठाऊक होते. भीतीने मी त्यांच्यावर सर्वांदेखत ओरडले.

दिंडीतील एक वयस्क शेतकरी बाई उठल्या. त्यांनी काही न विचारता अण्णांचे पाऊल मांडीवर घेतले आणि स्वच्छ पाण्याने हळूहळू धुतले. अण्णा पाय मागे घेऊ लागले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "राहू द्या माउली, आज माझी पाळी." अण्णांनी पाय राहू दिला. त्यांचे डोळे भरून आले होते.

वैद्यकीय मदत केंद्रात मलमपट्टी झाली. डॉक्टरांनी चालण्यास मनाई केली. मला वाटले, आता अण्णा हट्ट धरतील. पण दिंडीचे सामान नेणाऱ्या ट्रकमधून पुढे जाण्याचे त्यांनी स्वतःच ठरविले. रोज वेळेवर पट्टी बदलून घेतली आणि पुढच्या मुक्कामांवर पंगतीसाठी भाजी चिरली. समाज आरतीच्या वेळी चोपदार हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. एकदा ते पुकारणे ऐकून अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "माझा तोरा हरवला आहे. कोणाला सापडला तर परत मागू नकोस." मलाही माझे काही कळले होते. त्यांची काळजी म्हणून मी जे ओरडत होते, त्यात आईप्रमाणे तेही जातील ही माझीच भीती होती. तसे मी त्यांना सांगितले. त्या विषयावर आम्ही प्रथमच बोललो.

पंढरपुरात आम्ही रांगेत उभे राहिलो नाही. कळसाला हात जोडले आणि परतलो.

ज्येष्ठांना वारीची ओढ असेल तर ती मोडू नये. तयारी मात्र करावी. सराव थोड्या अंतरापासून सुरू करून हळूहळू वाढवावा. पादत्राणे नवी नसावीत, पायाला सरावलेली असावीत. सुती मोजे रोज बदलावेत. फोड फोडू नये. पाय बधिर असल्यास गरम पाण्यात बुडवू नयेत, कारण भाजलेले कळत नाही. जास्त चालण्याने साखर एकाएकी उतरू शकते. म्हणून औषधांची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि खिशात साखर ठेवावी. एकादशीच्या उपवासाबद्दलही त्यांनाच विचारावे. लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास उन्हात शरीरातील पाणी व क्षार लवकर कमी होतात, हे ध्यानात ठेवावे. नाव, आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी लिहिलेले कार्ड गळ्यात असावे. सारी वाट झेपत नसेल तर एकच टप्पा चालावा. तोही न झेपला तर गावातून जाणाऱ्या दिंडीला पाणी द्यावे.

अण्णांची जखम भरण्यास सात आठवडे लागले. आता रोज रात्री ते आरसा घेऊन खुर्चीत बसतात, पाय पुढे करतात आणि स्वतःहून हाक मारतात, "ये गं, तेवढे पाऊल पाहून जा."