मऊ कवचाची व फुटकी अंडी : परसातील कोंबड्यांची निगा

सकाळी खुराड्याचे दार उघडावे तो तुसावर कातडी पिशवीसारखे लिबलिबीत अंडे पडलेले दिसावे, किंवा अंड्याच्या जागी नुसता ओला डाग आणि कवचाच्या चार टिकल्या सापडाव्यात, हा अनुभव परसात सुधारित जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांना पुष्कळदा येतो. कोंबडी बिघडली असे समजून घरधनीण ती आठवड्याच्या बाजारी काढते. आठदहा कोंबड्यांच्या अंड्यांवर ज्या घरी तेलमीठ व मुलांच्या वह्या निघतात, तेथे ऐन अंड्यावरची कोंबडी मांसाच्या भावाने जाणे हे लहान नुकसान नव्हे. बहुतेक वेळी दोष कोंबडीचा नसून तिच्या दाणावैरणीचा किंवा निवाऱ्याचा असतो.

कवच कसे तयार होते हे ध्यानात घेतले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. पिवळा बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २५ तास लागतात. त्यांपैकी २० तासांच्या आसपास वेळ अंडे कवच चढण्यासाठी गर्भाशयात थांबते, व हे काम मुख्यतः रात्री चालते. कवचाचा फार मोठा भाग म्हणजे निव्वळ चुनखडीच होय. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. आता कोंबडी दिवसाकाठी १०० ते १२० ग्रॅम दाणा खाते. तो सगळा ज्वारीचा धरला, तर त्यातून तिला जेमतेम ३० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणजे एका कवचापुरता चुना ज्वारीतून गोळा करावयाचा तर दोन महिन्यांहून अधिक दिवस लागावेत! मक्याची स्थिती याहून चांगली नाही. काही दिवस कोंबडी आपल्या हाडांतील साठा मोडून कवच भरते. तो संपला की कवच पातळ होते, मग मऊ अंडी पडू लागतात आणि शेवटी कोंबडी पायांनी अधू होते.

गावठी कोंबडीला ही अडचण सहसा का येत नाही, असे शेतकरी हटकून विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडी देते, मध्ये खुडूक बसून विश्रांती घेते, आणि उकिरड्यावर किडे, गोगलगायी, हिरवा पाला व चुन्याचे खडे टिपून आपली गरज भागविते. वनराजा किंवा ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित पक्ष्यांची अंडी याहून पुष्कळच अधिक. त्यांची खोट केवळ उकिरडा भरून काढू शकत नाही.

यावरील उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचे अगर चुनखडीचे खडे ज्वारीच्या दाण्याएवढे फोडून वेगळ्या भांड्यात सतत ठेवावेत. कोंबडी आपल्या गरजेपुरते टिपून घेते. पिठासारखी पूड करू नये. जाड तुकडा दाणा भरडणाऱ्या पोटात रात्रभर हळूहळू विरतो व नेमका कवच चढण्याच्या वेळी उपयोगी पडतो. म्हणून संध्याकाळी कोंबड्या कोंडण्यापूर्वी भांडे भरलेले आहे ना, हे पाहावे. कोकणात शिंपल्यांना तोटा नाही; देशावर पशुखाद्याच्या दुकानी शिंपला मिळतो. घरातील अंड्यांची टरफलेही चालतात, मात्र ती उकळून, वाळवून, बारीक चुरून द्यावीत. अर्धी टरफले तशीच टाकल्यास कोंबड्यांना अंडी फोडण्याचा नाद लागण्याची भीती असते. कळीचा चुना मुळीच देऊ नये, त्याने तोंड व अन्ननलिका भाजते. लहान पिलांच्या खाद्यातही शिंपला मिसळू नये. जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

चुना पचनी पडावयास जीवनसत्त्व ‘ड’ लागते. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ते उन्हातून लाभते. बारमाही कोंडलेल्या कोंबडीला ते खाद्यातूनच द्यावे लागते.

काही मऊ अंड्यांची मात्र चिंता करू नये. तलंग पहिल्याने अंड्यावर येते तेव्हा एखाददुसरे मऊ अंडे पडतेच. म्हाताऱ्या कोंबडीचे अंडे मोठे व कवच पातळ होते, त्याला फारसा इलाज नाही. रात्री मुंगूस, मांजर किंवा कुत्रे खुराड्याभोवती हिंडल्यास भेदरलेली कोंबडी कवच पुरे होण्यापूर्वीच अंडे टाकते. तेथे शिंपल्यापेक्षा जाळीचा उपयोग अधिक. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात कोंबडी धापा टाकते, तिचे खाणे घटते व कवच पातळ होते. अशा दिवसांत गार पाणी व दाट सावली ठेवावी आणि दाणा पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास द्यावा.

येथे प्रस्तुत लेखकाची एक चूक सांगणे अवश्य वाटते. एका वस्तीवर बाईंनी मऊ अंड्यांची तक्रार केली. मी शिंपला घालण्यास सांगून पुढल्या गावी गेलो. कोंबड्या शिंकत होत्या व अंडी एकाएकी घटली होती, हे विचारलेच नाही. आठ दिवसांत मानमोडीने निम्म्याहून अधिक कोंबड्या गेल्या. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो, ‘लस कधी टोचली होती?’ एकाच कोंबडीची अंडी मऊ असतील तर दोष तिच्यापुरता समजावा. सर्वांचीच एकदम मऊ, वेडीवाकडी पडू लागली आणि जोडीला धाप, हिरवट हगवण, मान वळणे किंवा मरतूक दिसली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. मेलेला पक्षी हाताळू नये व आजारी पक्षी बाजारी नेऊ नये. २००६ साली नवापूर भागात बर्ड फ्लू आला होता, त्याचा विसर पडू देऊ नये.

चांगल्या कवचाची अंडीही फुटतात, ती बहुधा गर्दीने. चारपाच कोंबड्यांमागे फूटभर लांबरुंद असे एक खोके, अंधाऱ्या कोपऱ्यात, तळाशी चार बोटे तूस किंवा वाळलेले गवत घालून ठेवावे. जुनी पाटी किंवा फुटक्या माठाचा बूडही चालतो. अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. एखादी कोंबडी अंडी खाऊ लागल्यास तिला वेगळे करावे आणि खोक्यात अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड ठेवावा. टोचून टोचून ती कंटाळते. तरीही सवय न मोडल्यास ती काढून टाकणेच बरे, कारण पाहता पाहता इतर कोंबड्याही तिचे अनुकरण करतात.

तडकलेले अंडे अंधारात टॉर्चपुढे धरल्यास बारीक रेघ स्पष्ट दिसते. असे अंडे उबवणीस ठेवू नये आणि विकूही नये. आतील पापुद्रा शाबूत असल्यास त्याच दिवशी घरी पूर्ण शिजवून खावे. गळके अंडे खोल पुरून टाकावे व त्याखालचे तूस लगेच बदलावे.