आकड्यामागचे माप

पेण-रोह्याच्या भातशेतीच्या मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्या वाचकांना शेर, अधोली, पायली, खंडी हे शब्द आजही आठवत असतील. चार शेरांची पायली असे म्हणत. पण हा शेर गावागणिक बदलत असे. हा गोंधळ मिटावा म्हणून १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने रूढ झाला.

बाजारातील प्रश्न सुटला. घरातील औषधांपाशी मात्र तो अजूनही उभा राहतो. पातळ औषधाचा ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिलिलिटर. स्वयंपाकघरातील चमचे लहानमोठे असतात. म्हणून बाटलीसोबत मिळणारे खुणांचे मापच वापरावे.

इन्सुलिनबाबत अधिक दक्षता हवी. कुपीवर एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आहेत की १००, हे वाचावे आणि त्याच मापाची सिरिंज घ्यावी. ४० ची सिरिंज सहसा लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. तरीही रंगावर न विसंबता आकडा पाहावा. १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातात आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

धान्याच्या मापात चूक झाली, तर पुढच्या खेपेस ती भरून काढता येई. औषधाचे तसे नाही. म्हणून घरातील औषधांच्या यादीत प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एककही ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.