भरतीच्या वेळापत्रकाने चालणारी सुट्टी

दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेसमोर असलेले सलीम अली सरोवर छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना चांगलेच परिचयाचे आहे. ज्यांचे नाव या सरोवराला दिले गेले, त्या डॉ. सलीम अली यांच्या कीर्तीचा पाया मात्र एखाद्या विद्यापीठात किंवा संग्रहालयात घातला गेला नाही. तो अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावात, एका साध्या घरात घातला गेला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून सलीम अली १९३० मध्ये मायदेशी परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची पूर्वीची नोकरी उरली नव्हती. मुंबईतला खर्च झेपेना म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला राहायला गेले. पावसाळ्याचे दिवस होते आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती. रोज तेच झाड, तीच घरटी आणि तेच पक्षी पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले, की नर अर्धवट घरटे विणून थांबतो. माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले, की नर ते पूर्ण करतो, ती अंडी घालते आणि हा गृहस्थ लगेच दुसऱ्या घरट्याच्या विणकामाला लागतो! आपल्या भाषेने ज्या पाखराला ‘सुगरण’ म्हणून स्त्रीत्व बहाल केले, त्याचा विणकर असा नर निघाला आणि तोही बहुपत्नीक. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी सलीम अलींचे नाव जगभरातील अभ्यासकांपर्यंत पोचवले.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की हा शोध भटकंतीतून लागलेला नाही. एका जागी मुक्काम केल्याने लागला आहे. सुट्टीत कोकणात जाणारा आपला पर्यटक नेमके उलट करतो. तीन दिवसांत अलिबाग, काशीद, मुरूड, श्रीवर्धन अशी धावपळ होते. हॉटेलात साडेआठला नाश्ता, एक वाजता जेवण आणि मधल्या वेळात समुद्र. पक्षी पाहायचे असतील तर हा क्रम मोडावा लागतो आणि तो मोडण्याचा सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघरासह एखादे घर भाड्याने घेऊन चार दिवस तेथेच राहणे. किहीम, आक्षी, नागाव या गावांत नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अशी कॉटेजेस आणि लहान बंगले मिळू शकतात.

आपल्याकडच्या पक्षीप्रेमींना नाथसागराची सवय आहे. जायकवाडीच्या या जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाकाच्या जोड्या आणि अधूनमधून दिसणारे रोहित पाहण्यासाठी हिवाळ्यात पैठणच्या वाटेवर दुर्बिणी दिसू लागतात. तेथे पाणी महिन्यामहिन्याने मागे हटते, उघड्या पडलेल्या गाळात शेतकऱ्यांचा गाळपेरा होतो आणि चिखलात अन्न शोधणारे पक्षी त्या काठाबरोबर सरकत जातात. समुद्रावर हाच खेळ दिवसातून दोनदा होतो. ओहोटी लागली की ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्यात किडे, लहान खेकडे, शिंपले असतात. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी वरवरचे टिपतात, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू वाळूत खोलवर चाचपडतो, तर लालबुंद चोचीचा ऑयस्टरकॅचर शिंपले फोडतो. भरती आली की सगळ्यांचे ताट झाकले जाते. मग हे पक्षी कोरड्या वाळूवर थवा करून, वाऱ्याकडे तोंड करून विश्रांती घेतात. त्यांच्या दृष्टीने दिवस आणि रात्र यांपेक्षा भरती आणि ओहोटी अधिक महत्त्वाची!

पाहणाऱ्यालाही त्यामुळे घड्याळ बदलावे लागते. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर पाण्याच्या रेषेवर विखुरलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढेच दिसतात. पाणी चढू लागले की तेच त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास सर्वांत चांगले. ही वेळ काढण्यासाठी कोकणात एक जुना हिशेब आहे : त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना लागू पडतो. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, परंतु सहलीची तारीख ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

तारीख ठरवताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे उजेड. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांच्या पिसांवरील रंग स्पष्ट दिसतात. दुपारनंतर तो डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळेच भासतात. दुसरी म्हणजे पाण्याचा जोर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याच्या पातळीतील फरक चार मीटरच्या आसपास जातो, तर अष्टमीच्या पुढेमागे, ज्याला कोळी भांग म्हणतात, तेव्हा पाणी जेमतेम हलते आणि पक्षी जवळ येत नाहीत. दोन्हींचा मेळ एकादशी-द्वादशीला बसतो. एकादशीची भरती सव्वाआठची, द्वादशीची नऊची. म्हणजे साडेसहा-सात वाजता वाळूवर हजर असले पाहिजे. एकादशीला उपवास करणाऱ्या मंडळींना स्वयंपाकाचा प्रश्नही त्या दिवशी आपोआप सोपा होतो.

आक्षीचा किनारा या दृष्टीने विशेष नावाजलेला आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात तेथे कुरव आणि सुरय यांचे थवे उतरतात, समुद्री बगळे आणि ब्राह्मणी घारी तर बाराही महिने असतात. याच गावात शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. अनेक अभ्यासक तो मराठीतील सर्वांत जुना कालनिर्देशित लेख मानतात. मात्र सुगरणीचे विणकाम पाहायचे असेल तर हिवाळा उपयोगाचा नाही, पावसाळ्यातच जावे लागते.

घर ठरवताना मालकाला नीट विचारून घ्यावे. सिलिंडर आणि भांडी आहेत का, मासे शिजवलेले चालतात का (शाकाहारी कुटुंबांनी हाच प्रश्न उलट विचारावा), आणि पाणी कसले आहे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते आणि त्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा धरून बसते. अशा वेळी पिण्याचेच पाणी डाळीला वापरावे. मराठवाड्यातून जाणाऱ्यांनी येसराची पुडी बरोबर ठेवली, तर भरतीवरून परतल्यावर पंधरा मिनिटांत आमटी होते. बाकी भाजी, नारळ, ताजे बांगडे तिथेच घ्यावेत. हिवाळ्यात गेल्यास वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भाजून केलेली पोपटी कोणाच्या तरी वाडीत जुळून येते का, हे अवश्य पाहावे. कोणत्याही हॉटेलच्या थाळीत ती चव नाही.

स्वतःच्या चुलीबरोबर एक जबाबदारीही येते. माशांची आतडी आणि उरलेला भात किनाऱ्याच्या कडेला टाकला, की कावळे आणि भटकी कुत्री जमतात आणि तीच पुढे भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्यात घुसतात. वाळूवरून पळवलेल्या मोटारी, घोडागाड्या, आणि ‘उडतानाचा फोटो’ हवा म्हणून थव्याकडे धावणारी मुले यांचाही परिणाम तोच. यांपैकी बरेच पक्षी हजारो किलोमीटरवरून, काही तर आर्क्टिक प्रदेशातून आलेले असतात आणि मार्च-एप्रिलच्या परतीसाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून खर्च होते. दिवसात एकदा उडवले तर ते भरून निघेल, परंतु नाताळ ते नववर्ष या आठवड्यात त्यांना दर काही मिनिटांनी उठवले जाते. थव्यातील पक्ष्यांनी माना वर केल्या किंवा ते चालत दूर सरकू लागले, की आपण फार जवळ आलो असे समजून दोन पावले मागे यावे आणि वाळूत बसून राहावे. स्थिर बसलेल्या माणसाला पक्षी लवकर विसरतात.

संभाजीनगरहून पुणे, खोपोली, पेण या मार्गाने अलिबाग साधारण पावणेचारशे किलोमीटर आहे. रेल्वेने मुंबई गाठून मांडव्याची बोटही घेता येते. मुंबईमार्गे मोटारीने येणाऱ्यांसाठी २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट आहे. एक दिवस हाताशी उरला तर मुरूड तालुक्यातील फणसाड अभयारण्यात जावे, तेथे जंगलातील पक्ष्यांबरोबर शेकरूही दिसण्याची शक्यता असते. आणि ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाण्याचा बेत असेल, तर तिथीचा हिशेब तेथेही करावा. किल्ल्यात रेंगाळताना पाणी चढले, तर होडीची किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहत आत बसावे लागते.