नोकरी टिकत नाही? स्वमग्नतेचीही तपासणी करून घ्या

आयटीआय करून भोसरी-चाकणच्या कंपनीत ट्रेनी लागलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. काम चोख, मोजमाप अचूक. पण मशीनचा आवाज सहन होत नाही, शिफ्ट बदलली की गोंधळतो, कॅन्टीनमध्ये एकटा बसतो. तीन महिन्यांत नोकरी सुटते. घरचे आळशी म्हणतात, शेजारी घुमा म्हणतात. पुढे झोप उडते, निराशा येते. गोळ्या निराशेच्या मिळतात. मुळाशी काय आहे, हे कोणी विचारत नाही.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. ती करणी नव्हे, आईच्या संगोपनातला दोष नव्हे. लसीमुळेही होत नाही. कधी कधी लहानपणी ती कुणाच्या लक्षात येत नाही आणि नोकरीत, कॉलेजात अडचणी वाढल्या की दिसू लागते. मुली इतरांचे पाहून वागायला शिकतात, म्हणून त्यांची ओळख आणखी उशिरा पटते.

प्राथमिक चाचणीसाठी 'एक्यू-१०' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. सहा किंवा अधिक गुण आले, तर तज्ज्ञांकडे पाठवतात. पण हे निदान नव्हे. चिंतेमुळेही गुण वाढू शकतात आणि स्वमग्नता असूनही कमी येऊ शकतात. निदानासाठी बालपण विचारतात: बोलायला केव्हा लागला? नजरेला नजर द्यायचा का? म्हणून आईला सोबत न्या, शाळेची प्रगतिपुस्तकेही न्या.

पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, चाकण-खेडकरांनी औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात ७० पासून पुढचे गुण स्वमग्नता दाखवतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास सरकारी नोकरीतील दिव्यांग आरक्षणासाठी अर्ज करता येतो.

"आधीच जातीचा शिक्का, त्यात हा दुसरा कशाला?" असे पालक विचारतात. ही भीती खोटी नाही. पण 'आळशी' हाही शिक्काच आहे, आणि त्याने मुलाला काहीच मिळत नाही. स्वमग्नता बरी करणारी गोळी नाही; मात्र कानाला प्लग, ठरलेली शिफ्ट, लेखी सूचना एवढ्यानेही अनेकांचे काम सोपे होते. ते मागायचे, तर आधी कारण कळायला हवे. आपल्या वस्तीत असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर याच आठवड्यात त्यांच्या आईशी बोला, अशी आमची विनंती आहे.