मोत्याला कसे कळते?

कल्याण-मुरबाडकडच्या गावांत कुत्रा नसलेली आळी विरळाच. त्याला मोत्या म्हणा, वाघ्या म्हणा. घरधनी कोयता घेऊन उठला, की तो आधीच शेताच्या वाटेला लागतो. पण धन्याने धुतलेले कपडे घातले आणि पिशवी उचलली, तर तो जागचा हलत नाही. धनी आज कल्याण स्टेशनला जाणार, हे त्याने ओळखलेले असते. त्याला कोणी सांगितले? कोणीच नाही. तो दिवसभर आपल्याकडे बघत असतो. आपले हात बघतो, डोळे बघतो, आवाज ऐकतो. कुत्र्याची खरी हुशारी इथेच आहे.

एक गंमत करून बघा. दोन वाडगे पालथे घाला. एकाखाली भाकरीचा तुकडा ठेवा. दुसऱ्याला आतून भाकरी नुसती घासा, म्हणजे वास दोन्हींना येईल. आता भाकरी असलेल्या वाडग्याकडे बोट दाखवा. मोत्या बहुधा तिकडेच जाईल.

बंगालमधील शास्त्रज्ञांनी असाच प्रयोग रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केला. २०२० साली तो छापून आला. या कुत्र्यांना कोणी पाळले नव्हते की शिकवले नव्हते. तरी जी पुढे आली, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांना बोटाची खूण कळली. पण जवळजवळ निम्मी कुत्री पुढे आलीच नाहीत. ती बिचकत होती. माणसाच्या हातून दगडच मिळाला असेल, तर दुसरं काय होणार?

शिकवलेला कुत्रा काय करू शकतो, ते आपल्या ठाणे भागाने पाहिले आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकापाठोपाठ बॉम्ब फुटले. अडीचशेहून जास्त माणसे मेली. तेव्हा मुंबई पोलिसांकडे जंजीर नावाचा कुत्रा होता. लॅब्रेडॉर जातीचा, पुण्यात शिकून आलेला. मुंबई, मुंब्रा, ठाणे या भागांत लपवलेली स्फोटके त्याने वासावरून हुडकली. किती माणसांचे प्राण वाचले असतील! २००० साली तो मेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला.

नाक सगळ्याच कुत्र्यांचे तिखट असते. शिकवायचे ते निराळेच. स्फोटकाचा वास आला, की भुंकायचे नाही, उकरायचे नाही, गप्प खाली बसायचे. पंजा लागून बॉम्ब फुटला तर? कुत्रा बरोबर बसला, की शिकवणारा त्याला लगेच खाऊ देतो, नाहीतर चेंडू खेळायला देतो. उशिरा दिले तर ते कशाबद्दल मिळाले, हे कुत्र्याला कळत नाही.

घरी आपण नेमके इथेच चुकतो. सकाळी कोणीतरी बोंबील पळवले. संध्याकाळी आपण ओरडलो. मोत्याने मान खाली घातली, शेपूट पायांत घेतली. “बघा, चोराच्या मनात चांदणं!” असे म्हणून आपण काठी उचलतो. अमेरिकेत याचीही परीक्षा झाली. २००९ साली तिचा निकाल आला. ज्या कुत्र्यांनी काही खाल्लेच नव्हते, तीही धन्याने दटावल्यावर तशीच ओशाळी दिसली. उलट थोडी जास्तच. ती गुन्हा कबूल करीत नव्हती. धन्याचा राग ओळखत होती.

बोंबील पळवताना “हाट!” म्हटले, तर मोत्याला ते समजते. संध्याकाळी मारले, तर त्याला एवढेच समजते की धनी घरी आला म्हणजे मार बसतो. आणि बोंबील कदाचित मांजरीने नेले असतील.