भिंतीआडच्या अणुभट्टीची खबर

डहाणू रोडहून गाडीने मुंबईकडे निघाले, की वाणगाव मागे पडते आणि बोईसर येते. तेथून पश्चिमेला, समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली ते सुरू झाले. अशा केंद्राच्या जाडजूड भिंतींआड कोणते इंधन जळते आहे, हे बाहेर उभे राहून कळेल काय? कळू शकते. ही खबर आणणाऱ्या कणाचे नाव प्रतिन्यूट्रिनो.

युरेनियमचा अणू फुटला, की त्याचे तुकडे अस्थिर असतात. ते स्थिर होता होता एका फुटीमागे सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. हजार मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीतून दर सेकंदाला सुटतात, दोनावर वीस शून्ये मांडावीत इतके! भिंत, डोंगर, माणूस, साऱ्यांतून ते आरपार जातात. म्हणूनच त्यांच्यापासून आपल्याला इजा नाही. जाड भिंती असतात त्या गॅमा किरण आणि न्यूट्रॉन अडवण्यासाठी.

मग असला कण सापडतो कसा? क्वचित एखादा प्रतिन्यूट्रिनो हायड्रोजनच्या गाभ्यावर, म्हणजे प्रोटॉनवर, आदळतो. त्यातून पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निघतात. पॉझिट्रॉनची चमक लगेच दिसते, न्यूट्रॉनची किंचित मागाहून. ही जोडी म्हणजे खूण. पहिली चमक जितकी मोठी, तितकी आलेल्या कणाची ऊर्जा जास्त. अमेरिकेत राइनेस आणि कोवान यांनी १९५६ साली या रीतीने हा कण प्रथम पकडला.

आता आपल्या किनाऱ्यावरचे जाळे आठवा. बारीक मासळी भोकांतून निसटते, मोठी मुळातच थोडी. म्हणून टोपलीत मधल्या आकाराची जास्त. इथेही तसेच. भट्टीतून कमी ऊर्जेचे कण पुष्कळ सुटतात, जास्त ऊर्जेचे थोडे. पण १.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचा कण या रीतीने सापडतच नाही. त्यापुढे ऊर्जा वाढेल तशी सापडण्याची शक्यताही वाढते. शिक्षकांनी फळ्यावर एक उतरती आणि एक चढती रेघ काढून त्यांचा गुणाकार करून दाखवावा. मध्येच टेकडी उभी राहील. प्रत्यक्षात तिचा माथा ४ च्या आसपास येतो, आणि ८ च्या पुढे फारसे काही उरत नाही. हाच सापडलेल्या कणांचा ऊर्जा-वर्णपट.

या टेकडीचा उपयोग काय? भट्टीत युरेनियम जळता जळता प्लुटोनियम तयार होते व तेही फुटू लागते. त्याचे प्रतिन्यूट्रिनो संख्येने कमी आणि ऊर्जेने सौम्य. म्हणून भट्टीची उष्णता तीच राहिली, तरी टेकडी हळूहळू खचते. प्लुटोनियम बाँबच्या कामी येते. तेव्हा भट्टीचे दार न उघडता त्याचा माग लागणे ही साऱ्या जगाच्या काळजीची गोष्ट आहे.

मात्र हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. २०१४ च्या सुमारास परदेशांतल्या मोजण्यांत ५ च्या जवळ अपेक्षेहून जास्त कण आढळले. अशा मोजणीसाठी आपल्याकडे तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ भट्टीजवळ, भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लास्टिकच्या नव्वद दांड्यांचे ‘इस्मरान’ हे यंत्र योजले. टेकडीचा आकार जितका नेमका कळेल, तितका तिच्यावरून काढलेला निष्कर्ष भरवशाचा.